साहेब, वॉलच्या चाव्या भंगारात काढू नका

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता, ग्रामीण पाणीपुरवठा,
आणि जिल्हा परिषदेच्या जलव्यवस्थापन समितीचे सर्व सन्माननीय सदस्य

महोदय,

काही दिवसांपूर्वी आपल्या योजनेच्या मुख्य पंपघराच्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला पाहिला. ‘निरुपयोगी साहित्याचा जाहीर लिलाव.’ खाली यादी, त्याखाली शिक्का. जुने स्टार्टर पॅनेल, ६ नग. वॉल (पाइपावरचे व्हॉल्व्ह) उघडण्याच्या लोखंडी चाव्या, १४ नग. बिडाची हँडव्हील, ९ नग. टाकीचे पातळीदर्शक फलक, तरंग्यासह, ४ नग. काट्याचे प्रेशर गेज, ११ नग, पैकी ३ चालू. आणि अगदी शेवटी, ‘जुन्या नोंदवह्या, अंदाजे दीड क्विंटल.’

त्या दीड क्विंटलातल्या निदान पाव क्विंटल वह्या माझ्या हाताने लिहिलेल्या आहेत.

मी आधी रीतसर अर्ज दिला. आवक क्रमांक घेतला. आठ दिवसांनी विचारायला गेलो तर अर्ज ‘संबंधित शाखेकडे वर्ग’ झालेला. संबंधित शाखेत गेलो, तिथले साहेब दौऱ्यावर. लिलावाची तारीख मात्र कुठे वर्ग झाली नाही, ती भिंतीवर होती तिथेच आहे. म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहितो आहे.

योजनेचं आणि गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आपल्याला ते ठाऊक आहे. ज्या घराच्या दाराला आज कडी नाही, त्या घराचा पत्ता चावडीवर सांगू नये एवढं मलाही कळतं.

मी या योजनेवर ३१ वर्षं काढली. वॉलमन म्हणून लागलो, मग पंपावर गेलो, पंपचालक म्हणून निवृत्त झालो. माझं गाव खारपाणपट्ट्यात आहे. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो : अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांना हा पट्टा पसरलेला आहे. इथे जमिनीत पाणी आहे, पण ते तोंडात धरवत नाही. त्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, चहा फाटतो, आणि मूत्रपिंडाचे पेशंट घरटी मोजावे लागतात. दुसरीकडची गावं नळ बंद पडला तर विहिरीवर जातात. आम्हाला जायला विहीर नाही. धरणातून नळीने येतं तेवढंच गोड पाणी. योजना येण्याआधी माझी आई बंडीत ड्रम टाकून साडेतीन कोसांवरून पाणी आणायची, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

आता यंदाच्या आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं ऐका. आपल्या कार्यालयाच्या पत्रकात ‘तांत्रिक बिघाडामुळे पाणीपुरवठा विस्कळीत’ एवढीच ओळ होती.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी फिल्टरवरच्या, म्हणजे जलशुद्धीकरण केंद्रातल्या, कंट्रोल रूममधल्या दोन्ही कॉम्प्युटरवर काळा पडदा आणि वर इंग्रजी मजकूर आला. तुमच्या फायलींना कुलूप लावलं आहे, पैसे भरा, एवढाच त्याचा अर्थ. ड्यूटीवरच्या पोराला आधी वाटलं कोणी गंमत केली. तासाभरात चारही पंप थांबले. पंपघरातल्या कंट्रोलरला, ज्याला सगळे पीएलसी म्हणतात, त्याला ‘टाकीत जागा आहे’ असा निरोप फिल्टरवरून जातो. निरोप आला नाही तर पंप बंद ठेवायचा, असं त्याला शिकवलेलं. यात त्याचं काही चुकलं नाही. आंधळेपणानं पंप चालवून टाकी वाहवण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं. पण तो गप्प बसल्यावर माणसानं काय करायचं, हे माणसाला कोणी शिकवलेलं नव्हतं.

दुपारी त्या पोराचा मला फोन. “काका, जरा येता काय? याच्यात हातानं चालू करायचं जमूनच नाही राह्यलं.”

गेलो. नव्या पॅनेलवर खटका होता, बरं का. गोल, काळा, त्यावर स्वच्छ अक्षरात : हात, बंद, ऑटो. जुन्यावर होता तसाच. मी तो ‘हात’वर फिरवला. लाल दिवा लागला. हिरवं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. पॅनेलचं दार उघडून वायर बघत गेलो तेव्हा उमगलं की त्या खटक्याची वायरसुद्धा पीएलसीतच गेलेली आहे. म्हणजे मी ‘हातानं चालवतो’ असं कॉम्प्युटरला कळवायचं, आणि त्याची मर्जी असली तर तो चालवणार. बैल बसला म्हणून धुरा खांद्यावर घ्यावा, तर तो धुराही बैलालाच विचारून उचलायचा. कागदोपत्री मात्र निविदेतली ‘मॅन्युअल मोडची सोय’ ही अट पूर्ण झालेली असणार. बिलही निघालेलं असणार.

कंपनीचे इंजिनिअर फोनवर होते. “कशालाही हात लावू नका, वॉरंटी जाईल.” दोन दिवस आम्ही वॉरंटी सांभाळत बसलो.

आखाजीच्या दिवशी आमच्याकडे पितरांच्या नावानं घागर भरतात. नव्या मातीची घागर, वर खरबूज, सोबत पुरणाची पोळी. यंदा घरातलं गोड पाणी नातवाच्या बाटलीपुरतं राखून ठेवलेलं होतं, म्हणून माझ्या बायकोनं ती घागर हापशीच्या पाण्यानं भरली. भरताना एवढंच म्हणाली, “मामंजीले खारं पाणी पाजाले लावलं तुमच्या कॉम्प्युटरनं.” तुमच्या, म्हणजे माझ्या. निवृत्त झालो तरी गावाच्या लेखी पाण्याचा माणूस मीच.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सरपंचबाईंनी उपअभियंत्यांना फोन लावून तोंडी परवानगी घेतली. सांगायला संकोच वाटतो, पण गाव वाचलं ते ठेकेदाराच्या आळसामुळे. तिसऱ्या नंबरच्या पंपाचं काम त्यानं अर्धवट टाकलेलं होतं, त्यामुळे मोटर हातानं चालू करायचं तिथलं जुनं स्टार-डेल्टा स्टार्टर अजून जोडलेलं होतं. मुख्य वॉलवर मोटर बसवलेली, आणि ती निकामी झाली तर फिरवायचं हँडव्हील काढून स्टोअरला जमा. स्टोअरकीपर लग्नाला गेलेला. मग पुढच्या चेंबरमधला जुना स्लुइस वॉल आम्ही चावीनं आवळला, तिथून दाब धरला, पंप चालू केला आणि वॉल पाव-पाव आटा करत सोडला. घाईनं सोडला की पाण्याचा हातोडा बसतो आणि जुनी लाइन कुठंतरी फाटते. हे मला कोणत्या पुस्तकानं नाही, एका फुटलेल्या पाइपानं शिकवलं.

टाकी किती भरली ते कळायला मार्ग नव्हता. पूर्वी टाकीच्या अंगावर आकड्यांचा फलक असायचा. आत तरंगा, बाहेर दोरीला काटा, रस्त्यानं जाणारी बाईसुद्धा बघून सांगायची किती पाणी आहे. त्या दोरीची कटाई झाली आणि फलकावर ‘पाणी हेच जीवन’ रंगवलं गेलं. मग एक पोरगं मोबाईलचा टॉर्च घेऊन शिडीवर चढलं आणि वरून ओरडून सांगत राहिलं. तरी अंदाज चुकला आणि टाकी पाव तास वाहिली. ती चूक माझी, ठेकेदाराची नाही.

क्लोरीनचा डोसही त्याच कॉम्प्युटरवर. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, बादलीत कालवून सोडायची ठरली, पण किती? नव्या पोरांना प्रमाण माहीत नव्हतं, मला नक्की आठवेना. शेवटी त्या दीड क्विंटल ‘निरुपयोगी’ वह्यांतून उन्हाळ्यातली एक वही काढली. एका पानावर माझ्याच अक्षरात होतं, पंपाचे तास, पावडरचं वजन, आणि शेवटच्या गावच्या नळाला ओटी (क्लोरीन तपासायची थेंबांची चाचणी) केल्यावर आलेला पिवळा रंग फिका की गडद. त्यावरून मेळ घातला. शेवटच्या नळाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे हा नियम कॉम्प्युटर यायच्या आधीपासूनचा आहे, आणि ओटीच्या बाटलीला चार्जिंग लागत नाही.

पाचव्या दिवसापर्यंत ११ गावांना पाण्याची एकेक पाळी मिळाली. कंपनीचा माणूस पुण्याहून नवव्या दिवशी आला.

आता माझी गाऱ्हाणी.

सगळ्यात मोठं त्या खोट्या खटक्याचं, ते वर सांगून झालं. पण हेही विचारतो की काम ताब्यात घेताना तो खटका आपल्या खात्याच्या कोणी एकदा तरी फिरवून पाहिला होता का? पीएलसीची वीज बंद करून? पाच मिनिटांचं काम होतं.

दुसरं माणसांचं. पंपावर आज तीन पोरं आहेत, तिघं आयटीआय, तिघं कंत्राटी, तिघंही हुशार. त्यांना दिवसभराचं प्रशिक्षण मिळालं, एका हॉटेलात, पडद्यावर. त्यांच्यापैकी एकानं त्या रात्री मला विचारलं, “काका, चावी कोण्या बाजूनं फिरवाची?” हसण्यासारखं त्यात काही नाही. त्याच्या हाती ती कधी कोणी दिलीच नव्हती.

तिसरं, चोर कुठून आला. मी पोलीस नाही, पण एवढं पाहिलं आहे की कंपनीची माणसं घरबसल्या आमच्या कॉम्प्युटरमध्ये येत-जात होती, त्यासाठीचं दार रात्रंदिवस उघडं होतं, आणि पासवर्ड मॉनिटरच्या खाली कागदावर चिकटवलेला होता. काय होता ते लिहीत नाही. दहावीच्या पोरानं तिसऱ्या झटक्यात ओळखला असता. कंपनी सोडून गेलेल्या माणसांना तो आजही पाठ असेल. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या मरूची शायर इथे २००० साली हेच घडलं. सांडपाण्याच्या यंत्रणेचं काम केलेल्या ठेकेदार कंपनीचा एक माजी माणूस, नगरपालिकेनं नोकरी नाकारली म्हणून चिडला आणि लॅपटॉप व रेडिओ घेऊन गाडीतून पंपांना उलटसुलट हुकूम सोडत राहिला. सुमारे आठ लाख लिटर मैला बागांत आणि ओढ्या-नद्यांत गेला. त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली, पण मासे मरायचे ते मेले.

चौथं, लपवाछपवी. असा हल्ला झाला की सहा तासांच्या आत केंद्राच्या सर्ट-इन या यंत्रणेला कळवायचं, असा आदेश एप्रिल २०२२ मध्ये निघालेला आहे. कळवलं का? कळवलं असेल तर त्याची प्रत ग्रामसभेत ठेवायला अडचण काय? ‘तांत्रिक बिघाड’ म्हटलं की शेजारच्या योजनेचा माणूस निर्धास्त झोपतो, आणि त्याचा पासवर्डही मॉनिटरच्या खालीच असतो.

आणि पाचवं गाऱ्हाणं म्हणजे हा लिलाव. हल्ल्यानंतर आपण काय ठरवलं? नवा कॉम्प्युटर, नवं सॉफ्टवेअर, ‘क्लाउड’, वर्षाचं देखभालीचं कंत्राट. ठीक आहे, करा. पण ज्या चार वस्तूंनी त्या पाच दिवसांत गावाला पाणी पाजलं, नेमक्या त्याच निरुपयोगी ठरवल्या. पूर्णेकाठच्या शेतकऱ्यानं विजेची मोटर बसवली, पण जुनं डिझेल इंजिन त्यानं कित्येक वर्षं गोठ्यात झाकून ठेवलं. त्याला लाइनीचा भरवसा माहीत होता. खात्याला एवढाही व्यवहार कळू नये?

माझी पुतणी अमरावतीला इंजिनिअरिंगला आहे. आखाजीच्या प्रकारानंतर तिनं जगभरातल्या अशा घटना शोधून मला एकेक वाचून दाखवल्या. मला वाटलं होतं, हे फक्त आपल्याकडच्या ढिसाळपणाचं फळ. तसं नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत, पेन्सिल्व्हेनियातल्या अ‍ॅलिक्विपा नावाच्या छोट्या शहराच्या पाणीपुरवठ्यात हल्लेखोर शिरले. कुठे, तर दाब वाढवणाऱ्या बूस्टर पंपावर, अगदी आमच्यासारख्या ठिकाणी. तिथल्या इस्रायली बनावटीच्या कंट्रोलरचे पासवर्ड कित्येक ठिकाणी कारखान्यातून आले तेच ठेवलेले होते : ११११. पण तिथे धोक्याची घंटा वाजली, माणसं गेली, स्वयंचलित यंत्रणा बंद केली आणि पंप हातानं चालवला. एकाही घराचं पाणी गेलं नाही. त्याच सुमारास आयर्लंडच्या मेयो परगण्यात, अशाच इस्रायली बनावटीच्या यंत्रणेवर हल्ला झाला. ती तर खेड्यातली योजना, गावकऱ्यांनी मिळून चालवलेली. सुमारे १८० घरं दोन दिवस कोरडी राहिली. दोन्ही बातम्या मी पुतणीकडून दोनदा वाचून घेतल्या. १८० घरं म्हणजे आमच्या गावाचा एक मोहल्ला. तिथल्या बायकांनी ते दोन दिवस कसे काढले असतील ते मला आयर्लंड न बघताही सांगता येईल.

युक्रेनची गोष्ट याहून मोठी. २३ डिसेंबर २०१५ ला तिथल्या तीन वीज कंपन्यांत ऑपरेटरच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा बाण आपोआप फिरू लागला आणि एकेक ब्रेकर, म्हणजे वीज तोडणारा मोठा खटका, उघडत गेला. सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली, ऐन थंडीत. पण सहा तासांच्या आत ती परतही आली. कशी? माणसं गाड्या काढून उपकेंद्रांवर गेली आणि ब्रेकर हातानं चढवले. ते बघून अमेरिकेच्या सिनेटमध्ये दोन सदस्यांनी विधेयक आणलं की वीजजाळ्यातल्या कळीच्या जागी संगणकाला पर्याय म्हणून हातानं चालणारी जुनी साधनं परत आणता येतील का, ते तपासा. २०१९ च्या अखेरीस त्याचा कायदाही झाला. म्हणजे ज्या देशाकडून आपण ही यंत्रणा शिकलो तो जुना खटका शोधतो आहे, आणि आपण तो किलोच्या भावानं विकतो आहोत.

नॉर्वेच्या नॉर्स्क हायड्रो या अ‍ॅल्युमिनियम कंपनीचं मात्र मला विशेष कौतुक वाटलं. मार्च २०१९ मध्ये त्यांचे कॉम्प्युटर असेच कुलूपबंद झाले. ३५ हजार माणसांची कंपनी. खंडणी दिली नाही. कारखाने जमेल तिथे हातानं चालवले, ऑर्डरी कागदावर छापून मशिनजवळ लावल्या. आणि जुनी कागदी पद्धत ठाऊक असलेली निवृत्त मंडळी मदतीला परत आली! पुतणीनं हे वाचलं तेव्हा बायको आतून म्हणाली, “पाहा, तिकडचे म्हातारेही ऐकत नाहीत घरच्यांचं.”

फार लांब जायलाही नको. दिल्लीच्या एम्समध्ये नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्व्हर बंद पडले तेव्हा सुमारे दोन आठवडे नोंदणी, तपासण्या, बिलं सगळं हातानं लिहून चाललं. एवढं मोठं हॉस्पिटल चाललं, कारण पेन आणि रजिस्टर कोणी लिलावात काढलेलं नव्हतं.

आपण म्हणाल, म्हातारा कॉम्प्युटरच्या विरोधात आहे. नाही साहेब. १९९८ च्या उन्हाळ्यात रात्रपाळीला मला डुलकी लागली आणि टाकी दोन तास वाहिली. खालच्या तीन एकर कपाशीच्या वावराचं तळं झालं. मेमो मिळाला, तो अजून घरी आहे. आजचा कॉम्प्युटर झोपत नाही. लाइन कुठे फुटली ते दाबावरून तो जागच्या जागी सांगतो. आम्ही त्यासाठी रात्री बॅटरी घेऊन, साप-विंचू चुकवत कोसकोसभर चालायचो. माझ्या जोडीदाराला एकदा चेंबरमध्ये घोणस चावली होती. ते दिवस परत यावेत असं मला मुळीच वाटत नाही. शिवाय सगळंच काही हातानं होत नाही. कोराडी-चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रातला बॉयलर कोणी चाकं फिरवून चालवायला जाऊ नये. पण पाणी उचलून टाकीत टाकणं आणि टाकीतून सोडणं, हे काम माणूस हातानं करू शकतो. त्याला तसं करता यावं एवढी जागा यंत्रात ठेवा.

माझ्या मागण्या अशा.

लिलावातून स्टार्टर पॅनेल, चाव्या, हँडव्हील, फलक, गेज आणि नोंदवह्या आजच्या आज वगळा. बाकी मोडके पाइप, गळके ड्रम खुशाल विका.

प्रत्येक पंपावर एक खरा खटका द्या, ज्याची वायर पीएलसीला बगल देऊन सरळ मोटरला वीज जोडणाऱ्या कॉन्टॅक्टरला जाईल. मोटर जळू नये म्हणून असलेला ओव्हरलोड रिले आणि कोरडा पंप बंद करणारं संरक्षण त्या मार्गातही राहू द्या, नाही तर गाव वाचवताना मोटर जायची. खटक्याला सील लावा, तोडलं तर नोंद करा, गैरवापराची भीती असेल तर. पण सील माणसाला तोडता आलं पाहिजे.

हँडव्हील वॉलवर परत बसवा आणि त्यांना महिन्याला ग्रीस लावा. चोरीला जातात म्हणून काढली, हे मला माहीत आहे. साखळी लावा, चावी पंपावर ठेवा. टाकीच्या फलकाला दोरी आणि काटा परत द्या. ‘पाणी हेच जीवन’ दुसऱ्या भिंतीवर रंगवता येईल.

महिन्यातून एकदा, अर्धा दिवस, नेटवर्कची केबल काढून सगळी योजना हातानं चालवा. ग्रामपंचायतीचा एक सदस्य हजर ठेवा. सगळ्या मागण्यांत मला ही महत्त्वाची वाटते. केवळ साहित्य जपून काही होत नाही. गोठ्यात ठेवलेलं इंजिनसुद्धा दिवाळीला एकदा फिरवलं नाही तर ऐन वेळी सुरू होत नाही. कोणता वॉल आधी, कोणता नंतर, किती आटे, पावडर किती, हे मराठीत एका पानावर लिहून पंपघराच्या भिंतीवर लावा. कंपनीचं इंग्रजी मॅन्युअल साडेचारशे पानांचं आहे आणि ते कपाटात आहे. कपाटाची किल्ली कुणाकडे आहे ते मला अजून कळलेलं नाही.

पीएलसीमधल्या प्रोग्रामची एक प्रत, कुठल्याही कॉम्प्युटरला न जोडलेली, आपल्या खात्याच्या तिजोरीत ठेवा. कंपनीच्या नव्हे, आपल्या. नऊ दिवस आम्ही त्याच एका पेनड्राइव्हची वाट पाहिली. २०१७ च्या मोठ्या हल्ल्यात मर्स्क ही जहाज कंपनी जगभर ठप्प झाली, आपल्या न्हावाशेव्याचं एक टर्मिनलही अडकलं. तेव्हा त्यांच्या जाळ्याची मुख्य नोंद असलेल्या सर्व्हरांपैकी एकच शाबूत सापडला, घाना देशात, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली लाइन गेलेली होती! भारनियमनानं कुणाचं भलं केल्याचं हे मला माहीत असलेलं एकमेव उदाहरण. त्यांचं भारनियमन आणि आमच्या ठेकेदाराचं अर्धवट काम, दोन्ही सारखंच. असल्या योगायोगावर ११ गावांचं पाणी टांगू नका.

बाहेरून कॉम्प्युटरमध्ये यायचं दार एरवी बंद ठेवा. कंपनीला काम असेल तेव्हा फोन करतील, आपला माणूस उघडेल, काम झालं की बंद करेल. माणूस नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी पासवर्ड बदला.

आखाजीला नेमकं काय झालं याचा अहवाल मराठीत, ग्रामसभेत वाचा. कोणाला फासावर द्या असं आमचं म्हणणं नाही. त्या कंत्राटी पोरांवर तर मुळीच काही ढकलू नका. पुढच्या कंत्राटात मात्र ‘पीएलसी बंद ठेवून पंप चालवून दाखवल्याशिवाय अंतिम बिल नाही’ अशी एक ओळ घाला.

आणि जिल्ह्यातल्या निवृत्त पंपचालक-वॉलमन मंडळींची एक यादी करा, फोन नंबरासह. आम्ही अजून आहोत. दर वर्षी थोडे कमी होतो, पण आहोत. तीन पोरांना शिकवायला दोन महिने पुरतील. मानधन द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा, चहा मात्र लागेल.

शेवटी एक कबुली. यादीत चाव्या १४ लिहिल्या आहेत. साठा रजिस्टर नीट पाहिलं तर १५ सापडतील. पंधरावी माझ्या गोठ्यात, गव्हाणीच्या वर, दोन खिळ्यांवर आडवी ठेवलेली आहे. निवृत्तीच्या दिवशी ती जमा करायची राहिली, की मी राहू दिली, ते आता आठवत नाही. त्या रात्री स्लुइस वॉल फिरवला तो याच चावीनं, कारण बाकीच्या १४ स्टोअरच्या कुलपात होत्या. सरकारी मालमत्ता घरी ठेवल्याबद्दल जी काही कारवाई असेल ती मला मान्य आहे. लिलाव सोमवारी आहे. त्याआधी यादी बदलली, तर मी स्वतः चावी पंपघरात आणून भिंतीवरच्या खुंटीला लावीन आणि रजिस्टरला सही करीन. यादी बदलली नाही, तर ती आहे तिथेच राहील.

आपला,
खारपाणपट्ट्यातला एक निवृत्त पंपचालक